पाण्याखालचा बांध

वैशाली ओरडली तेव्हा मी काठावर बसून मिश्री लावत होते. मान वर केली. पाण्यात दोन माणसं उभी दिसायला हवी होती, एकच दिसलं. सर नव्हते. त्यांची खाकी टोपी पाण्यावर तरंगत होती. वैशालीनं "बाबा" म्हणून दुसरी हाक मारली, पाणी तुडवत दहा-बारा पावलं पुढं पळाली आणि तीही गेली. जिन्याची पायरी चुकावी तशी सरळ खाली गेली. एक हात वर आला. मग तोही दिसेना.

तिथं पाणी गुडघाभर आहे, हे त्यांना मीच सांगितलं होतं.

मी यासीनला हाक मारली आणि पाण्याकडं पळाले. पुढं काय झालं ते सांगते. पण हे पाणी कुठलं, ही माणसं कोण आणि त्यांना पाण्यात उतरवणारी मी कोण, हे आधी सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, कुणी शहरातलं सहलीला आलं, दंगामस्ती केली आणि बुडालं. तसं झालं नाही. ती शहाणी माणसं होती आणि माझ्या शब्दावर चालत होती.

या अंकाच्या लोकांनी मला पाखरांबद्दल लिहायला सांगितलं. रंगीत पाखरं, हिवाळा, गावाकडची सकाळ असं काहीतरी त्यांना हवं असणार. मी चौथी शिकले. मला जे माहीत आहे तेवढंच लिहिते.

आमचं गाव नेकनूरहून थोडं आत. गावाच्या खाली पाझर तलाव आहे. माझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो बांधला. तलावाच्या पोटात गेलेल्या जमिनीत माझ्या सासऱ्याचं रान होतं. त्या रानाला दगडी बांध होता. आमच्याकडं त्याला ताल म्हणतात. रानातले दगड वेचून वेचून सासऱ्यानं तो रचला होता, वर बैल चालेल इतका रुंद. रान बुडालं, ताल पाण्याखाली तसाच राहिला. मला त्याचा दगड न् दगड माहीत होता, कारण लग्न होऊन आले तेव्हा भाकरी घेऊन मी त्याच्यावरूनच जात असे.

दुसरं रान वर उरलं. त्यात जोंधळा. जोंधळ्याची राखण हे माझं खरं काम. माच्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची आणि पाखरं उठवायची. थंडी पडली की भोरड्या येतात. अंग गुलाबी, डोकं काळं, आणि शेकड्यांनी एकदम उतरतात. त्यांच्या पाठोपाठ पिवळी पाखरं, चिमणीएवढी. त्यांना भारीट म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. जोंधळ्यावर बसली की कणसाला हळद लावल्यासारखं दिसायचं. लोक आता ते बघायला पेट्रोल जाळून येतात. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. ती आमचं खात होती.

एकदा कॉलेजातले एक प्राध्यापक बांधावर येऊन उभे राहिले. मी गोफण फिरवत होते.

"बाई, दगड मारू नका. फार लांबून आलेत हे पक्षी."

"लांबून आलेत ते जेवायलाच आलेत. कणसं तुमी राखता का?"

ते हसले. मग त्यांनी डोळ्याला लावायची दुर्बीण माझ्या हातात दिली. मी तिच्यातून भोरडी बघितली. एवढी वर्षं दगड मारले, पण तिच्या डोक्यावर तुरा असतो हे मला माहीत नव्हतं. याच्यापलीकडं मला काही वाटलं असं मी लिहिणार नाही.

पण त्यांनी तलावातली मोठी बदकं जवळून बघायची आहेत म्हटलं, तेव्हा मी त्यांना तालावरून नेलं. काठापासून शंभर-सव्वाशे पावलं पाण्यातून चालत गेलं की ताल संपतो आणि तिथून पलीकडची दलदल अगदी समोर येते. पाखरं काठावरच्या माणसाला भितात, पण पाण्यात हळूहळू सरकणाऱ्या बाईला भीत नाहीत. तिला ती म्हशीत धरतात. प्राध्यापकांनी चार जणांना सांगितलं, त्या चार जणांनी आणखी कुणाला. असं माझं काम उलटं झालं. जी पाखरं हाकलत होते, तीच दाखवायला लागले.

हे काम बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. पाखरं तिथं असतात, बोट दाखवायचं, झालं. तसं नसतं. पाखरू आज कुठं बसेल हे काल ठरलेलं असतं. काल संध्याकाळी कुत्री कुठून गेली, कुणी मोटार लावली, म्हशी कोणत्या कोपऱ्यात बसल्या, हे बघावं लागतं. ऊन पाठीवर घ्यायचं. पाखराकडं सरळ चालत जायचं नाही, आपल्याच कामाला निघाल्यासारखं तिरकं जायचं. पांढरं घातलेल्या पाहुण्याला मी घरातलं घोंगडं देत असे. त्याला वास येतो म्हणून नाकं मुरडायचे. मुरडा, मी म्हणायचे, पण पांघरा.

दिवाळी झाली की पाणी मागं सरायला लागतं आणि काठाचा चिखल उघडा पडतो. तिथं शंकर नावाचं पाखरू येतं. पाठीमागून बघितलं तर मातीचा गोळा, समोर वळलं की गळा निळा आणि मध्ये तांबडा ठिपका. समोर वळेपर्यंत थांबायचं, हेच त्याचं सगळं कसब. मग चक्रवाक येतात, भाजलेल्या विटेच्या रंगाचे, जोडीजोडीनं. सगळ्यात शेवटी, हरभरा वर आला की, मोठे पट्टकदंब. करडं अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, चोच पिवळी. हिमालयाच्या वरून उडून येतात म्हणे. आमच्या गावात त्यांना नुसतं मोठं बदक म्हणतात. ते रात्री हरभरा खातात आणि दिवसा पाण्यात एका पायावर उभे राहतात.

पाहुणे आणायचं काम यासीनचं. नेकनूरला त्याचं मोटारसायकली आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, आणि एक जुनी जीप. बीडच्या स्टँडवरून माणसं घ्यायची आणि पहाटे माझ्या दारात आणायची. पाखरांचं त्याला माझ्याहून जास्त कळायला लागलं, कारण तो मोबाइलवर वाचायचा. तो जीपमधून उतरतानाच बोलायला सुरुवात करायचा.

"मावशी, पाव्हणे आले का तिकडचे?"

"कोणते?"

"उडणारे ओ. ह्यांना ना पासपोर्ट ना काय. माझा चुलतभाऊ दुबईला जायलाय तर सहा महिने झाले, अजून कागदच पुरे व्हईनात."

"त्याला पंख लाव."

"पंख लावले तर त्याची बायको उपटून ठिवंल."

असे आम्ही दोघं. सतरा-अठरा हिवाळे काढले.

माणसं तऱ्हेतऱ्हेची आली. पुण्याचे एक इंजिनियर होते, त्यांच्याकडं वही असायची. पाखरू दिसलं की वहीत खूण करायची आणि लगेच पाठ फिरवायची. चक्रवाक समोर अंघोळ करत होता, पंख पसरून, असं रोज दिसत नाही. मी म्हटलं, बघा तरी. ते म्हणाले, "झाला तो." एक बाई होत्या, त्यांना पाखराचा फोटो हसरा हवा होता. एका पुढाऱ्याचा पुतण्या लग्नाआधीचे फोटो काढायला आला. नवरी गुलाबी झग्यात थंडीनं कुडकुडत होती. त्याला दोघांच्या मागून सगळी बदकं एकदम उडायला हवी होती.

"मी उडवत न्हाई," मी म्हटलं. "एकदा उडवली की चार-आठ दिस येत न्हाईत."

तो माझ्याशी बोललाच नाही. कॅमेरेवाल्याकडं वळला. "उडव बे तुझं ड्रोन. म्हातारीकडं काय बघायलास?"

ड्रोन वर गेलं आणि तलाव रिकामा झाला. फोटो चांगले आले म्हणे. ती नवरी मात्र जाताना माझ्याकडं आली आणि हळूच म्हणाली, "आज्जी, ती परत येतील ना?" मी म्हटलं, तुझ्यापेक्षा लवकर येतील. हे मी बोलायला नको होतं. पोरगी रडवेली झाली.

सर या सगळ्यांत वेगळे होते, असं लिहिलं तर ते मेल्यावर माणसाबद्दल लिहितात तसं होईल. ते लातूरकडचे, शाळेतून निवृत्त झालेले. सहा हिवाळे आले. माझ्याकडून पाखरांची गावठी नावं विचारून घ्यायचे आणि लिहून ठेवायचे, हे खरं. पण फार बोलायचे. चालता चालता बोलायचे. एकच गोष्ट, ती कोणत्या शाळेत घडली आणि तेव्हा हेडमास्तर कोण होते, हे सगळं सांगितल्याशिवाय पुढं जायचे नाहीत. पाखरं बघताना माणसानं गप्प राहावं. मी दोन-तीनदा तसं तोंडावर म्हटलं. ते ओशाळून हसायचे, थोडा वेळ गप्प बसायचे आणि मग परत सुरू व्हायचे. तालावरून मी त्यांना पाच हिवाळे नेलं होतं. मी पुढं काठी टेकवत, ते मागं बोलत.

तालाबद्दल माझा एक नियम होता. पावसाळ्यानंतर त्याच्यावर कमरेइतकं पाणी असतं. पौषापर्यंत ते उतरून गुडघ्याला येतं. तेव्हा दर वर्षी पहिल्यांदा मी एकटी जात असे, काठीनं ठोकत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठं दगड निसटलाय का, कुठं शेवाळ धरलंय का, ते बघायचं. मग पाहुणे. पाय घसरला तरी भीती नव्हती. तालाच्या दोन्ही बाजूंना इतक्या वर्षांचा गाळ बसला होता, पाणी कमरेच्या वर नव्हतंच. भिजून निघायचं आणि हसायचं, एवढंच.

त्या वर्षी उन्हाळ्यात तलाव आटला आणि गाळ काढायचं काम निघालं. यंत्रं आली, ट्रॅक्टर लागले. गाळ ज्याला हवा त्यानं आपल्या रानात न्यायचा. मी तेव्हा गेवराईला लेकीकडं होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. माझा मुलगा भगवान फोनवर म्हणाला, "आई, आपल्या रानात गाळ टाकलाय. लई काळा हाय. चार वर्सं खत घालायला नगं." मला आनंद झाला. परत आले तेव्हा पाऊस होऊन तलावात पाणी शिरलं होतं. मी रानात गेले, गाळ हातात घेऊन चोळून बघितला, चांगला होता. कुठून काढला हे मी विचारलं नाही.

पौष आला. सकाळी पाण्यावरून वाफ निघत होती, हात बाहेर काढवत नव्हते. ताल तपासायला आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. गुडघे दुखायचे. पट्टकदंब त्या वर्षी उशिरा उतरले. ते उतरल्याचं यासीननं सरांना कळवलं आणि तिसऱ्या दिवशी सर आले. बरोबर मुलगी, वैशाली, पुण्याला बँकेत नोकरीला. ती पहिल्यांदाच आली होती. बाबा दर वर्षी कुठं जातात ते बघायचं होतं, म्हणाली.

सर जीपमधून उतरले ते बोलतच. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घातले होते, नवे. वैशालीनं घेऊन दिले होते. पाठीवर पिशवी, गळ्यात कॅमेरा, अंगात जाड जाकीट.

"मावशी, या वर्षी तुम्ही काठावर बसा. थंडी फार आहे. वाट मला तोंडपाठ आहे. तुमच्या सासऱ्यांनी रचलेला ताल, काठापासून सरळ पलीकडच्या काठावरच्या पळसाच्या रेषेत. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हटलं.

"पाणी?" वैशालीनं विचारलं.

"गुडघाभर. बाजूला पडलीस तरी कंबरभर. बिनघोर जावा."

यासीन जीपपाशी स्टोव्ह पेटवत होता. तो म्हणाला, "मावशी, तुमी न्हाई जायलात? कावून?"

"सर म्हणायलेत बस म्हणून. बसते."

सरांनी सांगितलं म्हणून मी बसले. पोलिसांनी विचारलं तेव्हाही मी हेच सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

आता पुढचं. हाक ऐकून यासीन पळत आला. मला पोहता येत नाही. आमच्याकडं बायका विहिरीवर आयुष्य काढतात पण पोहायला कुणी शिकवत नाही. यासीन लहानपणापासून विहिरीत उड्या मारलेला. तो तालावरून पुढं गेला, मी मागं. साठेक पावलांवर ताल संपला होता. संपला म्हणजे तोडला होता. ट्रॅक्टर पलीकडं जायला यंत्रानं मधोमध फोडून वाट केली होती आणि दोन्ही बाजूंचा गाळ उपसून दोन पुरुष खोल खड्डे केले होते. वरून सगळीकडं सारखंच पाणी दिसत होतं, मातकट, शांत. टोपी तेवढी होती.

यासीननं चपला काढल्या नाहीत, काही नाही, तसाच गेला. वर आला तो रिकामा. परत गेला. या खेपेला वैशालीचे केस त्याच्या हातात होते. ती त्याला धरायला लागली, दोघं खाली जायला लागले. तो ओरडला, "मावशी, कायतरी टाका! टाका कायतरी!"

माझ्याजवळ काठीसुद्धा नव्हती. मी लुगडं सोडलं. नऊवारी. पदराच्या टोकाला तालाचा एक दगड बांधला आणि फेकलं. पहिल्यांदा आखूड पडलं. दुसऱ्यांदा यासीनच्या खांद्यावर पडलं. त्यानं ते वैशालीच्या काखेखालून घेतलं आणि मी ओढलं. थंडीचा म्हणून आत घातलेल्या परकरावर, पौषात, त्या पाण्यात मी बसकण मारली आणि पाय दगडाला लावून ओढलं. वैशाली तालावर आली, पालथी. मी तिच्या पाठीत गुद्दे घातले. तिच्या तोंडातून पाणी आलं आणि मग श्वास.

यासीन परत गेला होता. वर आला, परत गेला. किती वेळा ते मला सांगता येणार नाही. शेवटी त्याचे ओठ काळेनिळे पडले आणि त्याला दगड धरता येईना. मी त्यालाही लुगड्यानंच ओढला. तो म्हणत होता, "बूट भरले असतील. मावशी, बूट भरले असतील त्यांचे." मी म्हटलं, आता जाऊ नको. तो परत वळला. मी त्याचा शर्ट धरला आणि सोडला नाही. ते बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही. त्याची तीन लेकरं आहेत, एवढं मला त्या वेळी आठवलं.

पट्टकदंब पहिल्या ओरडण्याबरोबर उठले होते. एक गिरकी मारून तलावाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसले. तिथून त्यांचा आवाज येत राहिला.

वैशाली दगडावर बसून पाण्याकडं बघत होती. दातावर दात आपटत होते. ती एकदाच बोलली. "तुम्ही गुडघाभर म्हणाला होतात."

मी "व्हय" म्हटलं.

गावातली माणसं आली, शिडी आली, विहिरीतल्या बादल्या काढायचा गळ आला. सरांना काढायला दुपार झाली. गळ कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अडकला होता.

संध्याकाळी घरी भगवान म्हणाला, "ताल फोडला व्हता की उन्हाळ्यात. ट्रॅक्टर पलीकडं कसा जाणार?"

"तुला म्हाईत व्हतं?"

"समद्यांला म्हाईत व्हतं. आपला गाळबी तिथलाच हाय."

"मला सांगितलं न्हाईस."

"तू इचारलं न्हाईस. आन तू दरसाल काठी घिऊन आधी जातीस, तुला कळंल म्हणलं."

तो काही चुकीचं बोलला नाही. मी त्याच्यावर हात उगारला होता, तो खाली घेतला. मग तो म्हणाला, पोलिसांना ताल आपला होता हे सांगू नको, उगीच लफडं. मी ते सांगितलं. तिथं कुणी पाटी लावली नव्हती, कुणी दोरी बांधली नव्हती, हेही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. आता काठावर पाटी आहे, पाण्यात उतरू नये म्हणून. गाळ मात्र आमच्या रानात आहे. त्या वर्षी जोंधळा कधी नाही इतका आला. मी तो राखला नाही. माच्यावर चढलेच नाही. पिवळी पाखरं आली आणि खाऊन गेली.

पुढच्या हिवाळ्यात वैशाली आली. यासीनच घेऊन आला. त्यानं मला आधी कळवलं नव्हतं, कळवलं असतं तर मी घरी राहिले नसते. ती ओट्यावर बसली. चहा घेतला नाही. पाणी दिलं ते प्याली.

"मावशी, मला एकच विचारायचंय. तुम्ही त्या दिवशी पुढं का नाही आलात? दर वर्षी यायच्या, बाबा सांगायचे."

"सर बस म्हणाले."

"ते मला माहीत आहे. मी तिथंच होते."

ती उठली नाही. उठली असती तर मी सुटले असते.

"पाणी गार व्हतं," मी म्हटलं. "दरसाल आधी एकटी जाऊन ताल बगते, त्या साली गेले न्हाई. गार व्हतं म्हणूनच गेले न्हाई. आन तुज्या बाबांचं बोलणं ऐकायचा कटाळा आलता. ते पाठीमागं बोलत राहणार, मला व्हय-व्हय करावं लागणार. म्हणून बसले."

"मावशी!" यासीन दारातून म्हणाला.

"तू गप. तिनं इचारलंय."

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या, वैशाली त्यांच्याकडं बघत राहिली. मला वाटलं ही आता शिव्या देईल, आणि दिल्या तर ऐकायच्या असं मी ठरवलं होतं.

"मलाही आला होता कंटाळा," ती म्हणाली. "जीपमध्ये बसल्यापासून बोलत होते. म्हणून मी मुद्दाम मागं राहिले. शेजारी असते तर हात धरता आला असता."

"शेजारी असतीस तर दोघं एकदम गेला असता. मग यासीननं कुणाचे केस धरले असते?"

हे मी तिला बरं वाटावं म्हणून बोलले नाही. ते तसंच आहे. तिला बरं वाटलं असं दिसलंही नाही. ती तलावावर जायचं म्हणाली. यासीन घेऊन गेला. मी गेले नाही. परत आली तेव्हा डोळे कोरडे होते. म्हणाली, पलीकडं मोठी बदकं बसली आहेत, बाबांनी दाखवली असती ती हीच का? मी म्हटलं, डोक्यावर दोन पट्टे असतील तर तीच. ती म्हणाली, इतक्या लांबून पट्टे दिसले नाहीत.

त्यानंतर तिचा फोन नाही. यावा असंही काही नाही.

मी ते काम सोडलं. यासीन अजून माणसं आणतो, पण काठावरूनच दाखवतो, लांबून, दुर्बिणीतून. पाण्याजवळ कुणी गेलं की ओरडतो. थंडीत त्याला खोकला धरतो तो फाल्गुनापर्यंत जात नाही. डॉक्टर म्हणतात, पाणी छातीत गेलं होतं त्याचा काही संबंध नाही. तो म्हणतो, आहे.

त्या सकाळी खड्ड्यात तिघं गेले. त्यातली वैशाली आहे आणि यासीन आहे.